लॉक पिकिंगचा सराव संच : सविस्तर रिव्ह्यू (सांगलीहून)

लॉक पिकिंग म्हणजे किल्लीशिवाय, बारीक काड्यांनी कुलूप उघडणं, आणि हा त्याचा सराव संच. आधी निकाल सांगते, मग बाकीचं. कुलूप आतनं कसं चालतं हे ज्याला खरंच समजून घ्यायचंय त्याने हा संच बिनधास्त घ्यावा, पैसे वसूल आहेत. व्हिडिओत बघितलं तसं दोन तारा घालून कुठलंही दार उघडता येईल या आशेवर घेणार असाल तर मात्र राहू द्या, ते यातनं येत नाही. मी ऑनलाइन मागवला, विश्रामबागला घरपोच आला, किंमत हजाराच्या आतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण हाच माल दहा वेगवेगळ्या नावांनी विकला जातोय, फोटोवरनंच ओळखू येईल तुम्हाला.

डब्यात काय काय येतं ते बघा. एक पारदर्शक प्लॅस्टिकचं कुलूप, दोन किल्ल्यांसकट. एक पितळी सिलिंडर, म्हणजे लॅचमध्ये बसतो तो बॅरल, पण त्याची एक बाजू कापून आतलं दिसेल असा केलेला. एक चेनची पाऊच, त्यात पिक्स म्हणजे बारीक लांब स्टीलच्या काड्या, कुणाचं टोक हुकासारखं वळलेलं, कुणाचं त्रिकोणी, कुणाचं करवतीसारखं नागमोडी. शिवाय एल आकाराच्या वाकवलेल्या पट्ट्या, ज्याला टेन्शन रेंच म्हणतात, आणि एका छोट्या प्लॅस्टिकच्या पुडीत जादा पिना आणि स्प्रिंगा. माहितीपत्रक आहे पण ते वाचून काही कळत नाही, इंग्रजीही धड नाही आणि चित्रं इतकी बारीक की भिंगच लागावं.

आता त्या पारदर्शक कुलपाबद्दल, कारण खरी किंमत त्याचीच आहे. आपण जन्मभर किल्ली फिरवतो पण आत काय होतं ते कधी दिसत नाही ना, ते इथे सगळं उघड दिसतं. मधे एक गोल दांडा असतो, प्लग म्हणतात त्याला, किल्ली त्याच्यातच जाते आणि फिरायला पाहिजे तोही तोच. पण त्याला फिरू देत नाहीत त्या पिना. ओळीने भोकं असतात, प्रत्येक भोकात खाली एक पिन, तिच्यावर दुसरी पिन, आणि सगळ्यात वर ज्वारीच्या दाण्याएवढी स्प्रिंग. खालच्या पिना सगळ्या वेगवेगळ्या लांबीच्या असतात, ही गोष्ट लक्षात आली की अर्धं कुलूप कळलं. जिथे पिन लांब तिथे किल्लीची खाच खोल, जिथे पिन आखूड तिथे खाच उथळ, म्हणजे बरोबर किल्ली आत गेली की सगळ्या खालच्या पिनांची डोकी एका रेषेत येतात, त्या रेषेवर प्लग आणि बाहेरची बॉडी यांची फट असते, आणि मग वरच्या पिना बाहेर, खालच्या आत, मधे अडवायला कुणी नाही, प्लग सर्रकन फिरतो. चुकीची किल्ली घातली तर कुठेतरी एखादी पिन त्या फटीत आडवी अडकलेली स्पष्ट दिसते. मी संचासोबतची किल्ली हळूहळू, अगदी एकेक पिन पुढे सरकेल अशी आत घालून बघितली आणि त्या पिना खाचेवरनं चढत उतरत शेवटी एकदम रेषेत येऊन बसतात ते बघताना जो आनंद होतो तो शब्दात सांगणं अवघड आहे.

ही कल्पना काही आजकालची नाही बरं का. लाकडी पिनांची कुलपं प्राचीन इजिप्तमध्ये होती, मोठ्या लाकडी किल्लीने पिना वर उचलायच्या आणि खिट्टी सरकवायची. आज आपण वापरतो ती छोटी चपटी किल्ली आणि पितळी सिलिंडर हे अमेरिकेतल्या लायनस येल धाकट्याचं काम, त्याची पेटंटं १८६१ आणि १८६५ ची. त्याचे वडीलही कुलपंच बनवायचे आणि त्यांनी १८४० च्या दशकात पिनांचं कुलूप आणलं होतं. येल हे नाव आजही कुलपावर दिसतं ते यांचंच.

बरं, पिकिंग कशामुळे होतं? कुलूप परफेक्ट असतं तर झालंच नसतं. पण कारखान्यात भोकं पाडताना ती शंभर टक्के एका सरळ रेषेत येत नाहीत, केसाएवढा का होईना फरक राहतोच. त्यामुळे टेन्शन रेंचने प्लगवर हलका फिरवण्याचा दाब दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, आधी एखादीच घट्ट होते, बाकीच्या मोकळ्या उड्या मारत असतात. ती घट्ट झालेली शोधायची, पिकने वर ढकलायची, तिची वरची पिन फटीच्या पलीकडे गेली की प्लग किंचितसा फिरतो आणि ती पिन वरच अडकून बसते. मग पुढची घट्ट होते. असं एकेक करत जायचं. सगळा खेळ रेंच धरणाऱ्या डाव्या हाताच्या बोटाचा आहे, पिक धरणाऱ्या हाताचा नाही. जोर जास्त लावला की सगळंच जाम, कमी लावला की बसवलेल्या पिना पण खाली. हे मी वाचून शिकले नसते, पारदर्शक कुलपात डोळ्याने बघितलं आणि मग डोळे मिटून बोटाला तेच जाणवतंय का ते बघत राहिले, तेव्हा कळलं.

आता त्याच कुलपातला दोष सांगते. हे प्लॅस्टिकचं कुलूप फार ढिलं आहे. नागमोडी पिक आत घालून नुसती मागेपुढे घासली तरी पटकन उघडतं, याला रेकिंग म्हणतात, आणि त्यामुळे घेणाऱ्याला पहिल्याच संध्याकाळी वाटतं की आपण उस्ताद झालो. तसं काही नसतं. खऱ्या धातूच्या कुलपात पिना इतक्या ढिल्या नसतात आणि काही दिसत पण नाही. तर पारदर्शक कुलूप हे बघायला, समजायला आहे. सरावाला दुसरं.

सरावाला तो कापलेला पितळी सिलिंडर, आणि हा या संचातला खरा हिरा आहे, विक्रेत्याच्या पानावर त्याचं कौतुक दोन ओळींचं पण नाही याचं आश्चर्य वाटतं. त्याच्यात काही वरच्या पिना साध्या नाहीत, मधे बारीक आणि दोन्ही टोकांना जाड अशा, दोऱ्याच्या रिळासारख्या आहेत. स्पूल पिन म्हणतात. हिचं काम काय तर फसवणं. तुम्ही पिन वर ढकलता, प्लग चांगला थोडा फिरतो, तुम्हाला वाटतं उघडलं, आणि तिथेच थांबतो. कारण तिची बारीक कंबर फटीत अडकलेली असते. आता अजून जोर केला की अजून घट्ट. दाब किंचित सोडून ती पिन हळूच वर घ्यावी लागते, आणि त्या वेळी प्लग उलटा मागे येताना बोटाला जाणवतो, आणि भीती वाटते की बाकीच्या पिना आता पडणार, बऱ्याचदा पडतातच. बाजूच्या कापलेल्या खिडकीतनं हे सगळं बघता येतं. एवढीशी पिन, तिला मधे एक खाच मारली तर कुलूप किती पटीने अवघड होतं हे बघून त्या पहिल्यांदा विचार करणाऱ्या कारागिराला मनापासून नमस्कार करावासा वाटतो. आणि म्हणूनच दोन लॅच बाहेरनं सेम दिसत असले तरी एक स्वस्त आणि एक महाग का असतो याचं उत्तर आत असतं. दुकानात गेल्यावर नुसतं 'चांगलं दाखवा' म्हणू नका, पिना किती, साध्या का सिक्युरिटी पिना (म्हणजे अशा फसव्या), ड्रिलिंगपासून वाचवायला कडक स्टीलचा तुकडा आहे का, हे विचारा. दुकानदाराला माहीत नसेल तर कंपनीच्या पानावर असतं.

घरातली बाकीची कुलपं पण मी या निमित्ताने एकेक करून तपासली, वापरात नसलेली फक्त, का ते पुढे सांगते.

लोखंडी कपाटाचं किंवा ऑफिसच्या ड्रॉवरचं जे छोटं कुलूप असतं ना त्यात बहुतेक वेळा पिना नसतातच, पत्र्याच्या पातळ पट्ट्या असतात, वेफर म्हणतात. किल्ली नसताना त्या पट्ट्या प्लगच्या बाहेर डोकावतात, बरोबर किल्ली गेली की सगळ्या आत ओढल्या जातात. लेटरबॉक्स, जुन्या स्कूटरी, सगळीकडे हीच. हे कुलूप नुसतं लहान पोरांपासून लांब ठेवायला आहे असं समजा, सोनं ठेवायचं असेल तर कपाटाच्या आतल्या लॉकरचं कुलूप कुठल्या जातीचं आहे ते बघा.

मग आपलं घराघरातलं मोठं लोंबतं कुलूप, लिव्हरवालं. गोदरेजचं नवताल हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं नाव. कंपनीची सुरुवातच १८९७ साली मुंबईत कुलपांपासून झाली, अर्देशीर गोदरेज यांनी केली. लिव्हरच्या कुलपाची रचना पूर्ण वेगळी, त्यात पिना नाहीत. एकावर एक पितळी पट्ट्या रचलेल्या असतात, प्रत्येकीला एक खाच, आणि बोल्टला एक खुंटी. सगळ्या पट्ट्या अगदी ठरलेल्या उंचीला उचलल्या गेल्या तरच खाचा एका रेषेत येतात आणि खुंटी त्यातनं जाते. एखादी पट्टी कमी उचलली तरी अडणार आणि जास्त उचलली तरी अडणार, ही दोन्हीकडून अडवायची युक्ती इंग्लंडच्या रॉबर्ट बॅरनने १७७८ मध्ये काढली. या संचातल्या बारीक पिक्सचा लिव्हरच्या कुलपाला काहीही उपयोग नाही, त्याला वेगळी जाड हत्यारं लागतात, तेव्हा विक्रेता 'सर्व कुलपांसाठी' म्हणून जे लिहितो ते साफ चूक आहे. हा माझा या संचावरचा सगळ्यात मोठा आक्षेप.

लिव्हरवरनं आठवलं, याची एक गोष्ट मला फार आवडते. १८१७ साली इंग्लंडमध्ये पोर्ट्समथच्या डॉकयार्डात चोरी झाली, डुप्लिकेट किल्ल्या वापरून, तेव्हा सरकारने बक्षीस लावलं की मूळ किल्लीशिवाय उघडणार नाही असं कुलूप करून दाखवा. जेरेमाया चबने १८१८ मध्ये डिटेक्टर लॉक केलं. कुणी उघडायचा प्रयत्न करताना एखादी लिव्हर जास्त उचलली की कुलूप स्वतःच जाम व्हायचं, आणि मालकाने किल्ली घातली की त्याला लगेच कळायचं की मागे कुणीतरी हात घातलाय. तिथेच नांगरलेल्या तुरुंग जहाजावर एक कैदी होता, धंद्याने कुलूप कारागीर, त्याला हत्यारं दिली आणि उघडलंस तर सुटका म्हणून सांगितलं. महिनोन्महिने झटला बिचारा, शेवटी हात टेकले. पुढे १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात अमेरिकेचा आल्फ्रेड हॉब्ज आला आणि त्याने हेच चबचं डिटेक्टर लॉक २५ मिनिटात उघडलं. आणि मग जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराचं कुलूप, जे लंडनमध्ये दुकानाच्या खिडकीत २०० गिनी बक्षिसाच्या पाटीसकट कित्येक वर्षं लावलेलं होतं, ते पण त्याने उघडलं, त्याला ५१ तास लागले, १६ दिवसांत विभागून. सगळ्या इंग्लंडला धक्का बसला. पण त्यामुळे झालं काय तर कुलपं सुधारली, कंपन्यांना नवीन डिझाइन करावी लागली. ज्यांना वाटतं की असल्या गोष्टी लोकांना सांगूच नयेत त्यांना मी हेच सांगते, चोराला माहीत असतंच, अंधारात असतो तो गिऱ्हाईक.

आता आपल्या सांगलीतल्या अडचणीकडे येऊ, कारण इथे कुलूप कुणी पिक करण्यापेक्षा ते न उघडणं हाच रोजचा प्रॉब्लेम आहे. माझ्या मामांचं मार्केट यार्डात हळदीचं गोडाऊन आहे. हळदीची भुकटी किती बारीक असते ते इथल्या माणसाला सांगायला नको, ती किल्लीच्या भोकातनं आत जाते. त्यात हमाल लोक प्रेमाने खोबरेल तेल सोडतात. तेलात हळद बसली की आत पिवळा लगदा होतो, पिना भोकातच चिकटून बसतात, स्प्रिंगला जोर राहत नाही, आणि थंडीत खोबरेल गोठलं की किल्ली निम्मीच जाते. असं एक मोडीत काढलेलं कुलूप मामांनी मला दिलं, मी कानशीने बाजू घासून उघडलं तर एक पिन वर अडकलेली, एक खाली, आणि मधे सगळा चिकट पिवळा गाळ, वास पण हळदीचाच. ते साफ करून, पेन्सिलच्या शिशाची पूड टाकून बघितलं तर किल्ली एकदम गुळगुळीत चालायला लागली. तेव्हा ऐका, पिनांच्या कुलपात खाद्यतेल, खोबरेल काही घालायचं नाही. ग्रॅफाइटची पूड मिळते ती घाला, नाहीतर शिशाची पूड. मामांना मी सांगितलं की धुळीच्या जागेला डिस्कवालं कुलूप घ्या, त्यात पिना आणि स्प्रिंगा नसतात, गोल चकत्या असतात ज्या किल्लीने फिरतात, फिनलंडच्या एमिल हेन्रिक्सनने १९०७ मध्ये काढलेली रचना. स्प्रिंगच नाही तर जाम व्हायला कारण कमी. मामा आधी म्हणाले, "अगं कुलूप ते कुलूप, त्यात काय एवढं," पण घेतलं आणि आता खूश आहेत.

पुराचं तर विचारूच नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी ओसरल्यावर गणपती पेठेत आमच्या काकांच्या दुकानाचं शटर उघडायला गेलो तर कुलपात गाळ भरून दगड झालेला. ज्यांच्या भागात पाणी येतं त्यांनी शटरचं कुलूप पितळी बॉडीचं आणि स्टेनलेस कडीचं घ्यावं, आणि पाण्यातनं निघालेलं कुलूप जबरदस्ती किल्ली न फिरवता आधी स्वच्छ पाण्यात खळखळून धुवावं, वाळवावं, मग ग्रॅफाइट. किल्ली आत मोडली की खेळ संपला.

हा संच घेऊन मी गावातल्या एका किल्लीवाल्या काकांकडे गेले होते, त्यांचं नाव देत नाही. रस्त्याकडेला छत्री टाकून बसतात, समोर कोऱ्या किल्ल्यांची माळ. त्यांनी संच हातात घेतला, टेन्शनची पट्टी दोन बोटात वाकवून बघितली आणि लगेच बाजूला ठेवली, "ह्यो पत्रा लई मऊ हाय ताई, दाब कळायचा नाय बोटाला." आणि खरंच तसं आहे, पट्टी वाकते आणि पिनेचा निरोप बोटापर्यंत येतच नाही. त्यांनी गाडीच्या वायपरमधली स्टीलची पट्टी काढून, कानस मारून मला एक करून दिली, ती संचातल्या सगळ्या पट्ट्यांपेक्षा भारी चालते. मग मी त्यांना विचारलं की खरंच चोर असं पिक करून येतात का. काका म्हणाले, "आवो कशाला? एवढा टाइम कुणाला हाय? कटावणी घालतोय कोयंड्यात आन् दोन हिसक्यात मोकळा. कुलूप तसंच लटकत ऱ्हातंय."

हे मला फार महत्त्वाचं वाटलं. पेपर उघडा, घरफोडीच्या बातमीत 'कडी-कोयंडा उचकटून' असंच असतं, कुलूप पिक करून असं कधी वाचलंय? आपण कुलपावर हजार बाराशे घालतो आणि ते अडकवतो कशात तर पातळ पत्र्याच्या कोयंड्यात, तो बसवलाय अर्ध्या इंची स्क्रूवर, आणि स्क्रू गेलाय चौकटीच्या मऊ लाकडात. घरी जाऊन मी आमच्या मागच्या दाराचा अल्ड्रॉप बघितला, स्क्रूची डोकी बाहेरच्या बाजूला उघडी, म्हणजे नुसता स्क्रूड्रायव्हर असला तरी झालं. सुताराला बोलावून तो बदलून घेतला, आता आरपार बोल्ट आहे, नट आतल्या बाजूला. याचा खर्च कुलपापेक्षा कमी आला. संच घेतला नसता तर मी दाराकडे या नजरेने बघितलंच नसतं, म्हणून मी म्हणते पैसे वसूल.

मेन डोअरच्या लॅचबद्दल पण दोन गोष्टी. नुसतं दार ओढून जो लॅच लागतो त्याची जीभ स्प्रिंगवर असते, तिरकी असते, ती आत ढकलता येते, म्हणजे दार ओढून घेतलं याचा अर्थ कुलूप लावलं असा नाही. बाहेर जाताना किल्लीने पूर्ण फिरवा, म्हणजे बोल्ट बाहेर येऊन पक्का बसतो. आमच्या बिल्डिंगमध्ये निम्मी लोकं नुसतं ओढून भाजीला जातात. बिनकिल्लीचं दाबलं की लागणारं लोंबतं कुलूप असतं त्यातही तीच भानगड, आत स्प्रिंगचा खटका असतो. किल्ली फिरवूनच लागणारं किंवा आत दोन्ही बाजूला बॉल असलेलं घ्या. नवीन फ्लॅटना अ‍ॅल्युमिनियम किंवा यूपीव्हीसीच्या दाराला जो लांबट सिलिंडर असतो तो मधे स्क्रूच्या जागी बारीक असतो, तेव्हा तो हँडलच्या पट्टीबाहेर बोटभर आलेला नसावा, सपाट असावा. खड्डेवाल्या चपट्या किल्लीचे डिंपल लॉक चांगले, पण आत पिनाच असतात, फक्त उभ्या आडव्या जास्त ओळीत, आणि संचातल्या पिक्स तिथे शिरत पण नाहीत. स्मार्ट लॉक घेणार असाल तर इमर्जन्सीसाठी दिलेलं किल्लीचं भोक कुठल्या दर्जाचं आहे ते विचारा, कारण बोटाचा ठसा कितीही हायफाय असला तरी ते भोक आहेच.

अजून एक, हे अगदी कळकळीने सांगते. फ्लॅटचा ताबा मिळाला की लोकं किल्ली हातात धरून फोटो स्टेटसला टाकतात. नका टाकू. किल्लीच्या खाचा हेच कुलपाचं सगळं गुपित आहे आणि त्या फोटोत दिसतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगोतल्या संशोधकांनी २००८ मध्येच लांबून काढलेल्या फोटोवरनं किल्ली तयार करता येते हे दाखवून दिलंय, आणि आता तर फोनचे कॅमेरे किती पुढे गेलेत. आणि डुप्लिकेट करताना मूळ किल्लीवरनंच करून घ्या, डुप्लिकेटवरनं डुप्लिकेट केली की दरवेळी थोडी चूक वाढत जाते, मग किल्ली हलवून हलवून फिरवावी लागते आणि आपण कुलपाला दोष देतो.

आता नियम. स्वतःच्या मालकीचं, आणि वापरात नसलेलंच कुलूप घ्यायचं. शेजाऱ्याचं, ऑफिसचं, भाड्याच्या घराचं नाही, गंमत म्हणून पण नाही. आणि स्वतःच्या मेन डोअरवर पण सराव करू नका कारण पिना घासतात, एखाद्या पिकचं टोक आत मोडलं तर रात्री बाहेर बसायची वेळ येईल. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चा आहे, त्यात सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत संशयास्पद परिस्थितीत घरफोडीची हत्यारं सबळ कारणाशिवाय जवळ सापडली तर गुन्हा होतो. त्यामुळे हा संच गाडीच्या डिकीत, बॅगेत घेऊन फिरायचा नाही, घरीच ठेवायचा. बाहेर अडकलात तर सरळ किल्लीवाल्याला फोन करा, आणि तो घर तुमचंच आहे का म्हणून आधार कार्ड मागत असेल तर चिडू नका, चांगला माणूस आहे असं समजा.

संचातल्या बाकीच्या उणिवा पटकन. पिक्सच्या कडा धारदार राहिल्यात, पॉलिश पेपरने घासून घ्याव्या लागतात नाहीतर पिनांवर ओरखडे पडतात. रबरी मुठी थोड्या दिवसात सैल होतात, फेविक्विकचा थेंब टाकला की बसतात. बऱ्याच पिक्स नुसत्या संख्या वाढवायला दिल्यात, मला तरी छोटा हुक आणि अर्धा त्रिकोण एवढ्याच कामाला आल्या. पारदर्शक कुलूप उन्हात ठेवू नका, माझ्या एका मैत्रिणीचं गच्चीवर राहून पिवळट आणि धुरकट झालंय. पाचपैकी चार स्टार देते, एक स्टार त्या मऊ टेन्शन पट्ट्यांचा आणि 'सर्व कुलपांसाठी' या खोट्या दाव्याचा कापला.

दहावी-अकरावीतल्या पोरांना, आयटीआयला फिटर किंवा मशिनिस्ट करणाऱ्यांना जरूर द्या, टॉलरन्स म्हणजे काय (मापात चालू शकणारा बारीकसा फरक) हे पुस्तकापेक्षा इथे लवकर कळतं. माझ्या भाच्याने तर सिलिंडर पूर्ण खोलून पिना बदलून त्याच कुलपाला दुसरी किल्ली लावून दाखवली, म्हणजे घर बदलल्यावर अख्खं कुलूप न बदलता नुसत्या पिना बदलता येतात हे आम्हाला त्यातनं कळलं. फक्त खोलताना खाली पांढरा टॉवेल अंथरा, स्प्रिंगा उडतात आणि फरशीवर सापडत नाहीत, जादा स्प्रिंगांची पुडी आहे पण त्यात मोजक्याच असतात आणि सुट्या कुठे मिळत नाहीत. घरात रांगतं मूल असेल तर हा उद्योग ते झोपल्यावरच करा.